रुद्रेशच्या गाडीची बॅटरी

बॅटरी फुगली होती. घरात माणसं तीन, आणि तिघांनाही ते दिसत होतं. पण आधी बोलायचं कुणी, म्हणून कुणीच बोललं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराशी कोपऱ्यात एक पाट, पाटावर ती बॅटरी, बॅटरीला चार्जर आणि चार्जरवर हिरवा दिवा. रुद्रेशनं ती तिथं लावली होती माघ महिन्यात. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ती. सीटखालून काढायची, मुठीला धरून घरात आणायची, बटण दाबायचं आणि सकाळी परत नेऊन बसवायची, हा त्याचा रोजचा शिरस्ता. त्या संध्याकाळीही त्यानं तसंच केलं. गाडी रिकामी झालेली, म्हणून मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून केजला गेला. वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यातच उभा होता. मागं ना दिवा, ना लाल फडकं. मित्र वाचला. रुद्रेश गेला. ईश्वरप्पाला आणि शांतादेवीला तेवढं एकच पोर होतं.

लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. जंगम स्वामी आले, सगळं रीतीनं झालं, शेताच्या कडेला समाधी दिली आणि ईश्वरप्पानं दुकान उघडलं. नांदूरघाटच्या बाजारपेठेत त्याचं किराणा-भुसाराचं जुनं दुकान. गिऱ्हाईक म्हणायचं, आप्पा लई धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा. त्याला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता. साखर मागितली की साखर द्यायचा, डाळ मागितली की डाळ. घरी आला की जेवायचा. भाजी कशाची होती ते हात धुताना आठवायचं नाही.

शांतादेवीनं मात्र त्या बॅटरीला कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्यांदा सून कावेरी बटण बंद करायला गेली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू दे. त्यानं लावलीय." पुढं कुणी विचारलं नाही. पाट ती रोज पुसायची. खंडेनवमीला दुकानातल्या काट्याला झेंडू वाहिला, तसा बॅटरीलाही वाहिला. लाइट जायची, यायची, आमच्याकडं ती दिवसातून किती वेळा जाते-येते ते विचारू नका, आणि आली की तो हिरवा दिवा परत लागायचा. गाडी बाहेर पत्र्याखाली मेणकापड पांघरून उभी. माघातली बॅटरी मार्गशीर्ष आला तरी चार्जच होत होती.

आता ती कशाला काढायची झाली, तर कावेरीला नोकरी लागली होती.

कावेरी रक्त-लघवी तपासायचं शिकलेली. लग्नाआधी उदगीरला एका लॅबमध्ये काम करायची. केजच्या एका डॉक्टरांनी तिला सोमवारपासून यायला सांगितलं. काम सकाळी लवकर सुरू, सुटका अंधार पडताना. त्या वेळेची एसटी नांदूरघाटला कधी येते, कधी येत नाही. तिकडं तिचा भाऊ महालिंग फोनवर रोज एकच लकडा लावून बसलेला, ताई, आता तिथं कशाला राहतीस, रविवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव.

कावेरीनं ही गोष्ट जेवताना काढली. तोंड तिचं ताटाकडंच होतं.

"आप्पा, उदगीरला गेले तर मी वहिनीच्या हाताखाली. सहा महिन्यांत माझं दुसरं जमवायला बसतील. मला ते नको असं न्हाई, पण त्यांनी ठरवलेलं नको. इथं काम हाय. पण रोज कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून मी जाणार न्हाई. ह्यांची गाडी चालू झाली तर मी राहते. न्हाई झाली तर महालिंगबरोबर जाते."

मागं बसून जाणार नाही, हे ती का म्हणाली ते तिघांनाही कळलं. शांतादेवी भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला, परत चालू झाला.

ईश्वरप्पा म्हणाला, "बघतो."

त्याला म्हणायचं होतं, पोरी, तू गेलीस तर ह्या घरात आम्ही दोन म्हातारी आणि ती बॅटरी. पण तोंडातून 'बघतो' एवढंच आलं. हल्ली त्याच्या तोंडून तेवढंच यायचं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ आणि लिंगपूजा उरकून तो कोपऱ्यात आला. शांतादेवी त्याच्याकडं न बघता चुलीकडं गेली आणि पाठमोरी उभी राहिली. त्यानं बटण दाबलं. हिरवा दिवा गेला. आता काहीतरी होईल, छातीत कळ येईल, निदान ही तरी रडेल, असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. चुलीवर चहा उतू गेला तेवढाच.

बॅटरी उचलली आणि किती फुगलीय ते हाताला कळलं. बाजू पोट सुटल्यासारख्या बाहेर आलेल्या. गाडीत घालून बघितली तर खणात निम्मीसुद्धा जाईना. मग त्यानं ती चार्जरसकट गव्हाच्या रिकाम्या पोत्यात घातली, पोतं काखेत मारलं आणि एसटीत बसला. केजपर्यंत ती मांडीवर होती. शेजारच्या माणसानं विचारलं, आप्पा, काय नेतासा? तर म्हणाला, "सामान हाय."

केजला ज्या दुकानात गाडी घेतली होती, तिथं आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या मिळत होत्या. खुर्चीवालाच म्हणाला, गाड्यावाले गेले सोडून, कुठं गेले माहीत न्हाई, तुमच्यासारखी रोज दोन माणसं येऊन विचारतात. कंपनीचा नंबर कावेरीनं लावून दिला होता. त्यावर एक बाई मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत थांबा म्हणाली आणि गाणं लावून निघून गेली. ईश्वरप्पा स्टँडवरच्या बाकड्यावर बसून ते गाणं ऐकत राहिला. फोन आपोआप कटला, तरी तो तसाच कानाला धरून होता.

मग बीड. तिथं मोठं शोरूम, काचा, आत गारवा. पोतं उघडल्याबरोबर तिथला माणूस दोन पावलं मागं सरकला.

"काका, फुगलेली बॅटरी आत नका आणू. बाहेर ठेवा. एकदम बाहेर, रोडच्या कडेला."

ईश्वरप्पा बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. माणूस दारातूनच बोलत होता. हे मॉडेल बंद झालं, ह्याची बॅटरी आता येत नाही, आली तरी गाडीइतकीच महाग, त्यापेक्षा ही द्या टाकून आणि नवी गाडी घ्या. तो चांगल्या मनानं सांगत होता, त्यात त्याची काही चूक नव्हती. ईश्वरप्पानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलवली आणि परतीच्या गाडीत बसला. नवी गाडी घेतली तर कावेरीचं काम भागेल, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही असं नाही. पण ती म्हणाली होती, ह्यांची गाडी. आणि ती लॅबवाली पोरगी, शब्द मोजूनमापून वापरते.

त्यानंतर दुकानात बसल्या बसल्या तो येईल त्या गिऱ्हाइकाला बॅटरीचं विचारू लागला. मीठ बांधून देताना, काड्यापेटी देताना. आप्पा आपणहून चार शब्द बोलतोय ह्याचंच लोकांना अप्रूप. शेवटी एका शेतकऱ्यानं सांगितलं, फवारणीच्या पंपाच्या बॅटऱ्या बनवून देतो तो बंकट बघा, केजलाच, धान्याच्या मोंढ्याच्या मागं. माझा पंप त्यानंच उठवला. आता गाड्यांचं पण करतोय म्हणं.

बंकटचं दुकान म्हणजे एक शटर, आत फवारणीचे पंप एकावर एक रचलेले, आणि मध्ये बंकट. अंगानं आडवा, बोलायला तिडवा. आप्पा पोचला तेव्हा मित्राला फोनवर शिव्या घालत होता, "तू काय मला शिकवितो बे," वगैरे. ईश्वरप्पाला बघून फोन ठेवला. पोतं उघडून बॅटरी बघितली, पण हात लावला नाही.

"चार्जरला लावून ठिवली होती का वं आप्पा?"

"न्हाई," ईश्वरप्पा म्हणाला.

"मग अशी फुगत न्हाई."

"वय झालं आसंल."

"वय झालं की मरती. फुगती कावून?" बंकटनं चार्जर घेतला, मीटर लावून बघितला. "चार्जरला काही झालं न्हाई. आप्पा, मला खोटं सांगून माझं काय जातंय? पण नवी बनवून दिली आन् तीबी तुमी अशीच लावून ठिवली, तर तीबी अशीच जाईल. ही पेटली न्हाई हे तुमच्या घराचं नशीब समजा."

ईश्वरप्पानं समोरच्या पंपांकडं बघितलं. निळे, हिरवे, सगळ्यांचे पट्टे खाली लोंबत होते.

"पोरानं लावली होती," तो म्हणाला. "संध्याकाळी लावली आन् भायेर गेला. परत आला न्हाई. मग कुणी काढली न्हाई. माघापासून."

ही गोष्ट त्यानं कुणाला पहिल्यांदाच सांगितली. गावात सांगायची वेळच आली नव्हती, गावाला सगळं आधीच ठाऊक होतं. सांगून झालं तेव्हा आपला आवाज वाणसामानाचा भाव सांगताना असतो तसाच निघाला, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बंकटनं मीटर खाली ठेवला. मग उठला, आतून चहा सांगितला.

"बनवून देतो," म्हणाला. "सेल पुण्याहून मागवावे लागतील. कंपनीचा हा वायरीचा जोड बाजारात मिळत न्हाई, म्हणून जुन्याचाच कापून नव्याला लावीन. पण बसवायला गाडी इथं पायजे. खण बघितल्याबिगर मी बसवीत न्हाई. शनिवारी गाडी आणा."

"रविवारच्या आत व्हईल?"

"शनिवार रविवारच्या आधीच येतो की आप्पा."

निघताना जुनी बॅटरी ईश्वरप्पा परत पोत्यात घालू लागला, तर बंकट म्हणाला ती इथंच राहू द्या, एसटीत घेऊन फिरू नका, माणसं भरलेली असतात. तिची रीतसर विल्हेवाट लावतो. ईश्वरप्पा चार्जर आणि घडी केलेलं रिकामं पोतं घरी घेऊन आला. शांतादेवीनं पोत्याकडं बघितलं.

"ती कुठं हाय?"

"तिथंच ठिवली."

"काय झालतं तिला?"

"वय झालतं," ईश्वरप्पा म्हणाला.

तुझ्या हातानं झालं, हे तो कसं सांगणार होता? तू त्याची म्हणून सांभाळलीस आणि सांभाळून सांभाळूनच ती गेली, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगावं तर उद्या नवी बॅटरी त्याच पाटावर यायची, तोच हिरवा दिवा लागायचा, आणि ही परत कुणाला हात लावू द्यायची नाही. दिवसभर तो दुकानात हाच विचार उलटासुलटा करत बसला. एका बाईला जिऱ्याच्या जागी ओवा दिला.

शनिवारी शेजारच्याचा छोटा हत्ती टेम्पो केजला जाणारच होता. मेणकापड काढलं. गाडीवर धूळ नव्हती, आरशाला मात्र कोळ्यानं जाळं केलं होतं. ते कावेरीनं ओढणीनं पुसलं. दोघांनी मिळून गाडी वर चढवली आणि कावेरीही बरोबर निघाली. शांतादेवी दारात उभी होती. टेम्पो वळला तरी ती आत गेली नाही, हे ईश्वरप्पाला मागं बसल्या बसल्या दिसलं.

बंकटनं नवी बॅटरी तयार ठेवली होती. निळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेली, वर जुन्या बॅटरीचीच मूठ बसवलेली. मूठ बघून ईश्वरप्पा थांबला. उजव्या हाताच्या पकडीनं तिचा रंग एका बाजूला उडालेला.

"मूठ चांगली होती, काढून घेतली," बंकट म्हणाला.

सीट उघडली, बॅटरी खणात सोडली. बोटभर वर राहिली. सीट लागेना.

बंकटनं वाकून खणात हात घातला. "आप्पा, खाली कायतरी हाय. पोतं हाय वाटतं. हे काढा, त्याबिगर बसायची न्हाई. माझी बॅटरी जरा उंच झालीय."

पोत्याचा तुकडा होता, चौघडी घातलेला. बॅटरी खडखडू नये म्हणून रुद्रेशनं घातलेला. दुकानातल्याच मिरचीच्या पोत्याचा, अजून नाकाला झोंबत होता. ईश्वरप्पानं तो काढला आणि हातात धरून उभा राहिला. टाकावा म्हटलं तर टाकवेना, ठेवावा तर कुठं ठेवावा. बंकट दुसरीकडं बघत स्क्रू शोधत बसला. हातातच होता त्याच्या तो स्क्रू.

"द्या इकडं," कावेरी म्हणाली. तिनं बंकटच्या टेबलावरची कात्री उचलली, चौघडी उलगडली आणि तुकडा मधून कापला. निम्मा दुहेरी करून खणाच्या तळाशी घातला. निम्मा घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला. "आता बघा दादा."

बॅटरी बसली. सीट खटकन लागली. किल्ली फिरवली तसे मीटरवरचे आकडे उजळले.

"चालवून बघा," बंकट म्हणाला. "निम्मी भरलेली हाय. घरी गेल्यावर पहिल्या खेपेला पूर्ण भरा. आन् ध्यानात ठिवा, हिरवा लागला की बटण बंद. लावून ठिवायची न्हाई. आप्पा, घरी हे सगळ्यांना सांगा."

तो हे ईश्वरप्पाकडं बघूनच म्हणाला. 'सगळ्यांना' म्हणजे कुणाला, ते बंकटनं कुणी न सांगताच ओळखलं होतं.

कावेरीनं ओढणी खांद्यावर टाकली आणि गाडी काढली. आवाज नाहीच ह्या गाड्यांना. दिसते तोवर असते, मग नसते. मोंढ्याच्या कोपऱ्यावर ती वळली. त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागं एक. ईश्वरप्पा कोपऱ्याकडं बघत उभा राहिला. एक ट्रॉली गेली, दुसरी गेली. एक बैलगाडी आली. कावेरी येईना.

आणि त्याला भीती वाटली. सरळ, लहान पोराला वाटावी तशी. इतक्या महिन्यांत काही वाटलं नव्हतं, आणि आता वाटलं ते हे. त्यानं शटर धरलं. बंकट म्हणाला, आप्पा, बसा, पाणी पिता का? पण आप्पाची नजर कोपऱ्यावरच.

कावेरी दुसऱ्या बाजूनं आली. "मोठा फेरा मारला," म्हणाली. "चढाला बरी ओढते." तिचे डोळे लाल होते. वाऱ्यानंही होतात म्हणा.

परतीला टेम्पो मिळाला असता, पण ती म्हणाली, "आप्पा, बसा मागं." मग काय, आप्पा बसला. धोतराचा सोगा गुडघ्यात दाबून, एका हातानं सीटची कडी धरून, सुनेच्या मागं. वाटेत ट्रॅक्टर दिसला की ती लांबूनच हळू करायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. नांदूरघाटच्या पेठेतून गाडी गेली तेव्हा पानपट्टीवरची माणसं बोलायची थांबली. बघू देत. दुसरं काय होणार होतं त्यांच्याकडून.

घरी आले तेव्हा दुपार कलायला लागली होती. शांतादेवीनं पाट पुसून ठेवला होता. रिकामा पाट रोज पुसत होती की आजच पुसला, ते ईश्वरप्पाला विचारवलं नाही. कावेरीनं बॅटरी मुठीला धरून आत आणली, पाटावर ठेवली, चार्जर लावला आणि बटण दाबलं.

लाल दिवा लागला.

"लाल कावून?" शांतादेवीनं विचारलं. माघापासून तिनं हिरवाच बघितला होता.

"रिकामी झालीय, आई. भरली की हिरवा लागंल," कावेरी म्हणाली आणि अंघोळीला गेली.

शांतादेवी पाटासमोर भिंतीला टेकून बसली. ईश्वरप्पा दुकानात जायला निघाला होता. चपलेत पाय घातला, काढला, आणि तोही येऊन बसला. दोघं दिव्याकडं बघत होती. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. बंकट म्हणतोय की, ह्या नव्या प्रकारात काढावंच लागतं. कंपनीचा नियम बदललाय. काहीतरी असं, की ज्यात जुनीचं नाव येणार नाही. एकही वाक्य पुरं होईना. उद्या महालिंग येणार. बॅटरी टिकली तर तो चहा पिऊन रिकामा परत जाईल. नाही टिकली तर आज ना उद्या कावेरीची पेटी त्याच्या गाडीत चढेल. सगळं ह्या एका बटणावर येऊन थांबलेलं, आणि ते बटण शांतादेवीच्या हाताशी.

बाहेर म्हशी परत आल्या. कावेरीनं देवापुढं दिवा लावला आणि भाजी चिरायला बसली. लाइट एकदा गेली, आली. दिवा लालच.

मग तो हिरवा झाला. काही आवाज नाही, काही नाही. लाल होता तो हिरवा झाला.

कोपरा परत माघापासून होता तसाच दिसू लागला. शांतादेवीनं नुसतं बघितलं. ईश्वरप्पानं बटणाकडं बोट केलं.

"अगं, ही आता काढावी लागती. नव्याचं तसं असतं. तो बंकट म्हणत हुता..."

"आन् जुनीचं कसं असतं?"

त्यानं पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"जुनी माझ्यामुळं गेली न्हवं?" शांतादेवी म्हणाली.

"न्हाई. वय झालतं तिचं."

"खोटं नका बोलू. तुमाला जमत न्हाई ते." ती दिव्याकडंच बघत होती. "मला दिसत हुतं की. रोज पाट पुसताना दिसत हुतं, पोट बाहेर आलंय तिचं. मी काय आंधळी हाय?"

"मग काढली कावून न्हाईस?"

चुलीवरचं वरण रटरटत होतं. कावेरीचा विळीवरचा हात थांबला होता.

"गरम लागायची," शांतादेवी म्हणाली. "लाइट आली की गरम व्हायची जरा. मी हात लावून बसायची. तुमी दुकानात गेले की रोज. त्याला दवाखान्यातून आणलं, तवा त्याच्या कपाळाला विभूती मीच लावली. किती गार पडलं हुतं हो कपाळ. हातातनं ते जातच न्हवतं. मग ही गरम लागायची. काढली आसती तर हीबी गार पडली आसती."

एवढे दिवस एका घरात, एका चुलीवरचं खात, एका छपराखाली निजत होती दोघं, आणि ईश्वरप्पाला हे ठाऊक नव्हतं. त्यानं हात पुढं केला आणि बॅटरीवर ठेवला. कोमट होती. त्याला रडू आलं. आवाज करून तो रडला, दुकानापर्यंत ऐकू जाईल असा. थांबवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

शांतादेवीनं त्याला रडू दिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि चार्जरची वायर गोल गुंडाळून खुंटीला अडकवली.

"कावेरी," तिनं हाक मारली. "भरली गं ही. सकाळी घाईत राहील, आत्ताच नेऊन बसव गाडीत. आन् महालिंग उद्या येतोय तर त्याला फोन करून सांग, येताना रिकामा येऊ नको म्हणाव, उदगीरहून माझ्यासाठी चांगलं कुंकू आण. जेवूनच जा म्हणाव."

कावेरी हात पुसत आली. मूठ धरून बॅटरी उचलली. दारापर्यंत गेली तेव्हा शांतादेवीनं परत हाक मारली.

"सोमवारी जाताना ओढणी नीट बांध. आज मोकळी सोडून आलीस, मी बघितलं. चाकात जाती."

"बांधते, आई."

शांतादेवीनं पाट उचलला आणि जेवायला बसताना लागतो म्हणून ईश्वरप्पाच्या ताटासमोर मांडला.